जुन्या पीसीवर विंडोज ११ टाकायचं का? आधी हे बघून घ्या

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण म्हणून चालू पीसी बंद पडत नाही, तेव्हा घाईने अपग्रेडचं बटण दाबू नका. पहिला प्रोसेसर बघा, इंटेल असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो, एएमडीचा असेल तर रायझन २००० सिरीजपासून, नक्की काय ते मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक अॅप सांगतं. त्यात टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप) नाही असं आलं तरी लगेच नाद सोडू नका, बऱ्याच मशीनमध्ये ते बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये, नुसतं बंद असतं, तिथे इंटेलवाल्यांनी पीटीटी आणि एएमडीवाल्यांनी एफटीपीएम या नावाने ते शोधून चालू करा. रॅम कागदोपत्री ४ जीबी चालते, पण माझं ऐकाल तर ८ च्या खाली जाऊच नका. अजून जुनी हार्ड डिस्कच असेल तर आधी एसएसडी टाका.

आता खरं अडतं ते कामाच्या सॉफ्टवेअरपाशी, आणि ज्यांचं टायपिंगचं किंवा डीटीपीचं दुकान आहे त्यांनी तर हे नीटच बघा. श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं जुनं व्हर्जन, त्याचं डोंगल (ते चालायला पीसीला लावावी लागणारी किल्ली), वर्षानुवर्षं चालत आलेला प्रिंटर, डिजिटल सहीचं टोकन, या प्रत्येकाचा ६४ बिट ड्रायव्हर मिळतो का ते कंपनीच्या साइटवर आधी शोधा, कारण विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही. जुन्या नॉन-युनिकोड फाइल तो ठराविक फॉन्ट नसेल तर नुसती अक्षरांची खिचडी दाखवतात, म्हणून फॉन्ट वेगळे कॉपी करा आणि महत्त्वाच्या पत्रिका, अर्ज, करारनामे यांची पीडीएफ काढून ठेवा.

बॅकअप बाहेरच्या डिस्कवर, त्याच पीसीच्या डी ड्राइव्हवर नाही. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. यूपीएस लावा, आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. अपग्रेडनंतर १० दिवसांत परत जुन्यावर जाता येतं, तेवढ्या दिवसांत सगळी कामं एकदा करून बघा आणि तोवर डिस्क क्लीनअप करू नका.

प्रोसेसरच बसत नसेल तर जुगाड करून ११ टाकणारे भेटतील, पण कामाच्या मशीनवर ते नकोच, अशा पीसीला पुढचे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. त्यापेक्षा घरगुती पीसीला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे जादा सिक्युरिटी अपडेट घ्या, किंवा फक्त ब्राउझर आणि मेलच लागत असेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट चालवून बघा, इन्स्टॉल न करताही चालतं.