वडिलांच्या पश्चात शेतजमिनीची वाटणी: वारस नोंदीपासून वेगळ्या सातबारापर्यंत

कर्त्या माणसाच्या मृत्यूनंतर शेतजमिनीवरून जे वाद होतात, त्यांतील बरेचसे वाद वारसांची नियत वाईट असल्यामुळे होत नाहीत. वारस नोंद, वाटणी, वहिवाट आणि मोजणी या चार वेगवेगळ्या गोष्टी एकच समजल्यामुळे होतात. सातबारावर सर्वांची नावे आली म्हणजे वाटणी झाली असे बहिणीला वाटते, पंधरा वर्षे एक तुकडा आपण कसतो म्हणून तो आपलाच असे थोरल्याला वाटते, आणि मोजणीदाराने खुणा दाखवल्या म्हणजे मालकी ठरली असे धाकट्याला वाटते. तिघांचेही म्हणणे चुकीचे असते, पण प्रत्येकाच्या हातात एखादा कागद असल्यामुळे कोणीच माघार घेत नाही. पुढील मांडणी महाराष्ट्रातील हिंदू वारसा कायदा लागू असलेल्या कुटुंबांसाठी आहे. मुस्लिम व ख्रिस्ती कुटुंबांतील हिस्से वेगळ्या नियमांनी ठरतात, आणि गोव्यात तर वारसा व वाटणीची पद्धतच निराळी आहे.

पहिले काम: वारस नोंद

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 149 प्रमाणे वारसाने मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यायची असते. (तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, परंतु गावात अजूनही तलाठीच म्हणतात.) मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे, वये, पत्ते व मृताशी असलेले नाते सांगणारे प्रतिज्ञापत्र आणि ज्या ज्या गटांत मृताचे नाव आहे त्यांचे सातबारा व आठ-अ (एका खातेदाराच्या गावातील सर्व जमिनींचा) उतारे एवढे कागद लागतात. हा अर्ज ई-हक्क प्रणालीतून घरबसल्याही करता येतो. अर्जानंतर वारसांची नोंद गाव नमुना 6-क या वारसांच्या नोंदवहीत होते, मग फेरफार, म्हणजे उताऱ्यावरील नावाच्या बदलाची नोंद, धरला जातो, हितसंबंधितांना नोटिसा निघतात आणि हरकतीची पंधरा दिवसांची मुदत संपल्यावर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो.

ज्या गावांत आजोबांचेही नाव अजून उताऱ्यावर आहे, तेथे आधी आजोबांच्या वारसांची नोंद व्हावी लागते आणि मग वडिलांच्या. अशा मयत खातेदारांच्या नावांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठीच 1 एप्रिल 2025 पासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम हाती घेण्यात आली होती.

येथे सर्वांत जास्त होणारी लबाडी म्हणजे प्रतिज्ञापत्रातून नाव गाळणे. बहिणीचे नाव गाळले जाते हे सर्वांना ठाऊक आहे, परंतु मृताची आई, म्हणजे आजी, हयात असेल तर तीही पहिल्या वर्गाची, म्हणजे बायको-मुलांच्या बरोबरीने हिस्सा मिळणारी, वारस आहे, ही गोष्ट मुद्दाम लपवण्यापेक्षा अज्ञानानेच अधिक वेळा सुटते. वडिलांच्या आधी वारलेल्या भावाची बायको आणि मुले यांनाही त्या भावाचा एक हिस्सा मिळतो. नाव गाळले गेल्यास हरकतीच्या मुदतीत लेखी हरकत द्यावी, म्हणजे प्रकरण तक्रारी नोंदवहीत जाते आणि सुनावणीशिवाय निकाली निघत नाही. नोंद प्रमाणित झालेलीच असेल तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे साठ दिवसांत अपील करता येते. मात्र नाव नसल्यामुळे हक्क बुडतो असे नाही, आणि नाव असल्यामुळे मालकी सिद्ध होते असेही नाही. फेरफार हा महसूल वसुलीसाठीचा दप्तरी कागद आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे.

हिस्से कसे मोजावेत

वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित, या प्रश्नावर पारावर जेवढी चर्चा होते तेवढी अन्य कशावर होत नसेल. गंमत अशी की साध्या कुटुंबात दोन्ही बाजूंनी गणित केले तरी उत्तर एकच येते. समजा वडील मृत्युपत्र न करता वारले, मागे आई, दोन मुलगे व एक मुलगी आहेत आणि आजी हयात नाही. जमीन स्वकष्टार्जित असेल तर चौघांना सारखे, म्हणजे रुपयात चार आणे. जमीन वडिलोपार्जित असेल तर मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असे कायदा गृहीत धरतो. त्यात वडील, आई आणि तीन मुले मिळून पाच हिस्से होतात, आणि वडिलांचा एक पंचमांश हिस्सा पुन्हा चौघांत वाटला जातो. एक पंचमांश अधिक एक विसांश म्हणजे एक चतुर्थांश, पुन्हा चारच आणे. तेव्हा ज्या घरात मृत्युपत्र नाही आणि कुटुंबाची रचना अशी सरळ आहे, तेथे या वादावर वकिलाची फी घालवण्याचे कारण नाही.

हा वाद महत्त्वाचा ठरतो तो मृत्युपत्र पुढे आल्यावर. स्वकष्टार्जित जमीन वडील कोणालाही देऊ शकतात, परंतु वडिलोपार्जित जमिनीत ते फक्त स्वतःच्या हिश्शापुरतेच मृत्युपत्र करू शकतात. शिवाय आजोबांची स्वकष्टार्जित जमीन 1956 नंतर वारसाने वडिलांकडे आली असेल, तर ती वडिलांच्या हाती स्वतंत्र मिळकत मानली जाते, असा 1986 पासून निर्णय आहे. गावभाषेत तिला वडिलोपार्जितच म्हटले जात असले तरी कायद्याच्या अर्थाने ती तशी असेलच असे नाही. म्हणून तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून त्या गटाचे जुने सर्व फेरफार नक्कल अर्ज करून काढावेत आणि जमीन घरात पहिल्यांदा कशी आली, खरेदीने, कुळ कायद्याने की वारसाने, तेथपर्यंत मागे जावे.

जुन्या फेरफारांत एक बारीक अक्षरांतला शेरा हमखास सापडतो, ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. आजोबा गेल्यावर धाकटे भाऊ अल्पवयीन होते, म्हणून थोरल्याचे नाव या शेऱ्यासह लावले गेले, पुढे उतारे पुन्हा लिहिताना शेरा गळाला आणि नाव तेवढे राहिले, असे कितीतरी गटांत घडले आहे. थोरल्याच्या मुलांना ती जमीन आपल्या बापाचीच वाटते यात नवल नाही, कारण त्यांनी पाहिलेल्या प्रत्येक उताऱ्यावर एकच नाव असते. तो एक फेरफार शोधून काढला की निम्मा वाद तेथेच थांबतो.

मुलींच्या हक्काबाबत आता संदिग्धता उरलेली नाही. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून, तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना, सहदायक, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हिस्सेदार, केले होते. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद गेला. आणि वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केले. 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेल्या वाटण्या मात्र कायम राहतात.

बहिणीची सही

तेरावा झाला की दोन-चार दिवसांत बहिणीला तालुक्याला नेऊन सही घेण्याची घाई होते. बहिणीने हक्क सोडावा की नाही हा तिचा प्रश्न आहे, आणि आपल्याकडे अनेक बहिणी तो समजून-उमजून सोडतात. परंतु सोडायचाच असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले असावे लागते. मुद्रांकावर नोटरी केलेला कागद, तलाठ्यापुढचा जबाब किंवा ‘मला काही नको’ असे चारचौघांत बोललेले शब्द यांनी हक्क सुटत नाही, आणि अशा कागदाच्या भरवशावर भावाने विहीर खोदली किंवा बाग लावली तर वीस वर्षांनी भाच्यांचा दावा येऊ शकतो. दस्तात कोणते गट, किती हिस्सा आणि कोणाच्या लाभात, हे नावानिशी लिहावे. बहिणीने दस्त सहीपूर्वी घरी नेऊन वाचावा. एका गटाचे हक्कसोडपत्र म्हणून सांगितले जाते आणि आत आठ-अ वरचे सगळे गट असतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

वाटणी गुंठ्यांची की जमिनीची

हिस्से ठरले तरी खरा तंटा पुढेच असतो. समजा 1 हेक्टर 60 आरचा गट चौघांत वाटायचा आहे. कागदावर प्रत्येकी 40 आर, म्हणजे साधारण एक एकर. पण गटाच्या पूर्वेला पाणंद आहे, विहीर नैर्ऋत्य कोपऱ्यात आहे, मधला पट्टा काळा आणि ओढ्याकडचा चोपण, म्हणजे खारवट व कमी पिकणारा. उभ्या चार पट्ट्या पाडल्या तर रस्ता एकालाच मिळतो. आडव्या पाडल्या तर रस्ता सर्वांना मिळतो, पण ओढ्याच्या बाजूची पट्टी घेणाऱ्याच्या वाट्याला सगळी चोपण येते. म्हणून पट्टे पाडण्याआधी सर्व वारसांनी एकत्र शेतात फिरून हाताने नकाशा काढावा आणि त्यावर विहीर, बोअर, पाइपलाइन, विजेचा खांब, आंब्या-चिंचेची झाडे, गोठा आणि वहिवाटीचा रस्ता दाखवावा. चोपण पट्ट्याचे चाळीस आर आणि काळ्या जमिनीचे चाळीस आर सारखे नाहीत हे मान्य करून चोपण घेणाऱ्याला दोन-चार आर वाढवून द्यावेत किंवा रोख रक्कम द्यावी. सर्वांत कमी भांडण होते ती पद्धत जुनीच आहे: एकाने वाटे पाडायचे आणि निवड आधी इतरांनी करायची, किंवा चिठ्ठ्या टाकायच्या. वाटे पाडणाऱ्याला शेवटचा वाटा मिळणार असला की बांध आपोआप सरळ पडतात.

या टप्प्यावर तुकडेबंदी, म्हणजे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे पाडण्यास मनाई, आड येते. 1947 च्या कायद्याखाली 2023 च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीचे किमान क्षेत्र 20 गुंठे आणि बागायतीचे 10 गुंठे ठरवले आहे. साठ गुंठे जिरायत पाच जणांत तोडता येत नाही, कारण प्रत्येकी बाराच गुंठे येतात. मग दोघा-तिघांनी जमीन घेऊन इतरांना पैसे द्यावेत, किंवा तेवढा गट सामाईक ठेवून दुसऱ्या गटात भरपाई करावी. एखाद्या वारसाने आपला हिस्सा विकायला काढल्यास इतर वारसांना तो घेण्याचा पहिला हक्क आहे, हेही त्याने बाहेरच्या माणसाकडून इसार (आगाऊ रक्कम) घेण्याआधी लक्षात ठेवावे.

तीन मार्ग

सर्वांचे एकमत असेल तर नोंदणीकृत वाटणीपत्र करावे. त्यात हाताने काढलेला नकाशा सर्वांच्या सह्यांनिशी जोडावा. दुसरा मार्ग जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खालील अर्जाचा. हिश्शांबद्दल वाद नसेल तर तहसीलदार सर्व सहधारकांना नोटीस देऊन, जबाब घेऊन वाटपाचा आदेश करतो. परंतु कोणीही मालकीचाच प्रश्न काढला, उदाहरणार्थ मृत्युपत्र दाखवले किंवा बहीण वारस नाही असे म्हटले, तर तहसीलदाराला दिवाणी न्यायालयाचा निकाल होईपर्यंत वाटप करता येत नाही. ज्याला वेळ काढायचा असतो तो नेमका हाच आक्षेप घेतो.

तेव्हा उरतो तो वाटपाचा दिवाणी दावा. दाव्यात सर्व वारसांना पक्षकार करावे आणि सर्व मिळकती घालाव्यात, घर आणि गावठाणातील जागासुद्धा; एखादी सोडली तर अर्धवट वाटपाचा आक्षेप येतो. जमीन विकली जाण्याची भीती असेल तर दाव्यासोबतच मनाई हुकुमाचा अर्ज द्यावा. न्यायालय आधी हिस्से ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा करते, आणि शेतसारा आकारलेल्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यामार्फत होते. हे दोन्ही टप्पे मिळून एका पिढीची उमेद खातात, म्हणून दावा चालू असतानाही तडजोडीचा दरवाजा उघडा ठेवावा. तडजोड न्यायालयात नोंदवता येते. आपल्याला हिश्शातून वगळले आहे हे कळल्यापासून बारा वर्षांत दावा करावा लागतो, तेव्हा ‘भाऊ आज ना उद्या देईल’ या आशेवर अनंत काळ थांबू नये.

कागदानंतरची कामे

वाटप झाल्यावर भूमी अभिलेख कार्यालयात पोटहिस्सा मोजणीचा अर्ज करावा आणि मोजणीच्या दिवशी सर्वांनी हजर राहून खुणांवर लगेच दगड पुरावेत. त्यानंतर फेरफाराने प्रत्येकाचा वेगळा सातबारा निघतो. जुन्या उताऱ्यावरील सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा कोणाच्या वाट्याला जाणार हे आधी लिहून घेतले नसेल, तर तो सर्वांच्या नव्या उताऱ्यांवर येतो आणि एकाची थकबाकी चौघांना आडवी येते. कृषिपंपाचे वीज कनेक्शन मयताच्या नावावरच राहू देऊ नये.

सामाईक विहिरीची पाळी मात्र वेगळ्या कागदावर लिहावी: प्रत्येकाला आठवड्यातील किती तास, वीज रात्रीची असेल तेव्हा पाळी कशी फिरणार, मोटर जळाली तर खर्च कोणी किती करायचा, आणि उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावर आडवे बोअर मारायचे ठरल्यास त्याचा हिशेब कसा. पाइपलाइन ज्यांच्या बांधातून जाते त्यांची संमतीही त्याच कागदावर घ्यावी, आणि हे सर्व पहिल्या पेरणीआधी व्हावे.