रील राहू द्या, आधी मतदारयादी शीटमध्ये घ्या

प्रभागाच्या निवडणुकीचा ‘डिजिटल प्रचार’ म्हटलं की पहिला फोन जातो ड्रोनवाल्याला आणि दुसरा रील करणाऱ्या पोराला. नगरपरिषदेच्या प्रभागात मतदार असतात तीनेक हजार. रीलला वीस हजार व्ह्यूज आले तरी ते बघणाऱ्या बहुतेकांना तुमच्या प्रभागात मतच नसतं. इथे खरं काम करते ती साधी स्प्रेडशीट, आणि तीत ओळीने बसवलेली मतदारयादी. उमेदवाराच्या किंवा पॅनलच्या वतीने लॅपटॉप ज्याच्या मांडीवर येतो, त्याच्यासाठी हे लिहितो आहे.

यादी कोणती घ्यायची

अंतिम प्रभागनिहाय यादी घ्यायची. प्रारूप यादी नको आणि विधानसभेची तर नकोच. राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी घेऊन ती प्रभागांत विभागतो, त्यामुळे नावं तीच असतात, पण अनुक्रमांक बदलतात आणि मतदान केंद्रंही बदलतात. मतदार मोबाईलवर विधानसभेच्या यादीत नाव शोधतो, तिथली शाळा बघतो आणि मतदानाच्या दिवशी भलत्याच शाळेत जाऊन उभा राहतो. मग ‘माझं नाव गायब केलं’ म्हणून व्हिडिओ निघतो. म्हणून शीटमध्ये दोन्ही क्रमांकांचे रकाने वेगळे ठेवा. कामाचा क्रमांक एकच, प्रभागाच्या यादीतला.

यादी शीटमध्ये आणणं

सगळे अडकतात ते इथे. ‘पीडीएफ टू एक्सेल करून टाक’ असा सल्ला देणाऱ्याने मराठी यादी कधी उघडून पाहिलेली नसते.

आधी एक चाचणी करा. पीडीएफमधलं एक नाव कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. काहीच चिकटलं नाही, तर पीडीएफ म्हणजे नुसती चित्रं आहेत. रोमन अक्षरांचा चिवडा आला, तर फॉन्ट जुना आहे. सगळ्यात फसवा प्रकार तिसरा: मराठी दिसतं, पण ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर सरकलेली असते आणि रफार गळालेला असतो. पहिल्या दहा नावांत हे लक्षात येत नाही. ‘शिर्के’ आडनावाचं घर शोधायला गेलात की कळतं. तिन्ही प्रकारांत कॉपी-पेस्टचा नाद सोडा आणि ओसीआर करा, म्हणजे चित्रावरून अक्षरं वाचून घ्या. त्यासाठी पैसे मोजायची गरज नाही. फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली की मराठी बऱ्यापैकी वाचली जाते.

पण अख्खी पीडीएफ एकदम द्यायची नाही. यादीच्या पानावर तीन उभ्या रांगांत ३० चौकटी असतात. ओसीआर त्या आडव्या वाचतो आणि तीन मतदारांची नावं एका ओळीत गुंफून टाकतो. असा गुंता सोडवत बसण्यापेक्षा हाताने टाइप केलेलं लवकर होतं. म्हणून आधी प्रत्येक पान उभं तीन पट्ट्यांत कापा, पट्ट्यांना पान आणि रांग यांचे क्रमांक द्या आणि चार-पाच पानांचे गठ्ठे करून चढवा. कापण्यात अर्धा तास जातो, पण पुढचे दोन दिवस वाचतात.

रकाने ठेवा ते असे: केंद्र क्रमांक, प्रभाग यादीतला अनुक्रमांक, विधानसभेचा भाग आणि तिथला अनुक्रमांक, नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग, ओळखपत्र क्रमांक. त्यापुढे आपले चार: गल्ली किंवा इमारत, मोबाईल, जबाबदार कार्यकर्ता, शेरा.

आकडे इंग्रजी लिपीत टाका. देवनागरी आकडा शीटला अक्षर वाटतो आणि क्रम लावला की १ नंतर १० आणि १०० येतात, २ कुठेतरी खाली जातो. फाइल साध्या सीएसव्हीमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडणाऱ्या नुसत्या मजकुराच्या प्रकारात, तर कधीच सेव्ह करू नका. एक्सेल मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं भरतो आणि ती परत अक्षरं होत नाहीत. सीएसव्ही लागलीच, तर ‘यूटीएफ-८’ लिहिलेला पर्याय निवडा, आणि मूळ फाइल वेगळी जपा.

मग तपासणी. इथे आळस केला तर आधीची मेहनत पाण्यात. यादीत पुरुष, स्त्री आणि एकूण मतदारांचा गोषवारा असतो, त्याच्याशी शीटची बेरीज जुळली पाहिजे. एकाचाही फरक चालवून घेऊ नका. अनुक्रमांकाच्या रकान्याशेजारी ‘या ओळीतून वरची ओळ वजा’ असं सूत्र लावा. उत्तर १ नसेल तिथे चौकट गळली आहे किंवा दोनदा आली आहे. वय १८ पेक्षा कमी किंवा ११० पेक्षा जास्त दिसलं, तर आकडा चुकीचा वाचला गेलाय. देवनागरी १ आणि ९ यांची अदलाबदल तर ठरलेलीच. ओळखपत्राचा क्रमांक तीन इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे असा दहा जागांचा असतो. लांबी दहा नसलेल्या ओळी वेगळ्या काढा, मात्र डोळे मिटून दुरुस्त करू नका, कारण जुन्या कार्डांवर ‘एमटी’ने सुरू होणारे, तिरप्या रेघांचे लांब क्रमांकही असतात आणि ते बरोबर असतात. लांबी दहा असूनही शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ बसलेला असू शकतो, तो डोळ्यांनीच शोधावा लागतो.

नावांत घ-ध, भ-म, ष-प एवढ्या जोड्यांवर नजर ठेवली तरी बरंच निस्तरतं. शोध न लागण्याचं एक कारण मात्र डोळ्यांना दिसतच नाही. ‘कऱ्हाडकर’मधला ऱ्ह संगणकात दोन वेगवेगळ्या प्रकारे लिहिला जातो. दोन्ही दिसायला सारखे, शोधाला वेगळे. ॲ या अक्षराचंही तेच. म्हणून ‘सगळे शोधा आणि बदला’ चालवून अख्ख्या शीटमध्ये एकच रूप करून टाका. तेवढ्यानेही नाव सापडलं नाही, तर ओळखपत्राच्या क्रमांकावर शोधा.

वगळलेली नावं हा वेगळाच सापळा. चौकटीवर तसा शिक्का असतो, पण ओसीआर शिक्का सोडून नाव तेवढं उचलतो. मग दोन वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांच्या नावाची चिठ्ठी घेऊन कार्यकर्ता त्यांच्या मुलाच्या दारात जातो. ते घर तुमचं राहत नाही. पानं हाताने उलटून असे शिक्के वेगळे नोंदवा. नावापुढे दोन तारे असतील तर तो संभाव्य दुबार मतदार. ती खूणही शेऱ्यात उतरवा आणि त्या माणसाला आधीच सांगा, म्हणजे केंद्रावर वाद होणार नाही.

तीन हजार मतदार म्हणजे शंभर पानं. पानाला सहा मिनिटं धरली तर तपासणीचे दहा तास. चार जणांत वाटलं की एक संध्याकाळ.

घरं जुळवायला घर क्रमांकावर भरवसा ठेवू नका, तो रकाना निम्मा रिकामा किंवा चुकीचा असतो. त्यातून नवी नावं शेवटी जोडलेली असतात: आईवडील २१२-२१३ वर, अठरा पूर्ण झालेली मुलगी ९०४ वर. आडनाव आणि वडिलांचं नाव जुळवून यादी छापा आणि गल्लीत राहणाऱ्या माणसाला द्या. त्याला एका तासात जे कळेल ते सूत्राला कळणार नाही.

आणि जातीचा रकाना करू नका. आडनावावरून बांधलेला अंदाज निम्म्या वेळा चुकतो, आणि शीटचा स्क्रीनशॉट बाहेर गेला की खुलासा करायला तोंड उरत नाही. ‘आपला-विरोधी’ असे रंगही सगळ्यांना दिसतील असे ठेवू नका. केंद्रागणिक वेगळी फाइल करा. संपादनाचा हक्क दोघांना, बाकीच्यांना फक्त बघण्याचा.

मोबाईल नंबर आणि व्हॉट्सॲप

‘प्रभागाचा डेटा आहे’ म्हणणाऱ्याकडून नंबर विकत घेऊ नका. त्यात संमती नसते, निम्मे नंबर बंद असतात आणि उरलेल्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नसतो. ब्रॉडकास्ट लिस्टला २५६ जणांची मर्यादा आहे, आणि त्यातही ज्यांनी तुमचा नंबर जतन केलाय त्यांनाच निरोप पोचतो. एका क्लिकवर हजारो मेसेज टाकणारी सॉफ्टवेअर वापरलीत, तर नंबरच बंद पडतो, तोही बहुधा प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात. त्यापेक्षा दारात उभं असतानाच सांगा, ‘ताई, हा नंबर सेव्ह करून एक हाय टाका.’ वेळ लागतो, पण तो नंबर खरा असतो.

मतदारांना न विचारता ग्रुपमध्ये कोंबू नका. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि बायका पहिल्याच दिवशी बाहेर पडतात. मतदारांसाठी चॅनेल काढा, तिथे एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. ग्रुप कार्यकर्त्यांपुरता, केंद्रागणिक एक.

मजकूर दिवसाला एक पुरे. ‘सुप्रभात’ नको.

जाहिराती

फेसबुक-इन्स्टाग्रामवर राजकीय जाहिरातीसाठी ओळख पडताळणी लागते आणि जाहिरातीवर ती कोणाकडून आहे ते छापावं लागतं. पडताळणीला दिवस जातात, म्हणून उमेदवारी अर्ज भरायच्या आधीच ती उरकून घ्या. मजकूर प्रमाणित करून घेण्याबाबत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात विचारा, आणि बूस्टला, म्हणजे पोस्ट पैसे देऊन पसरवायला, घातलेला प्रत्येक रुपया खर्चाच्या हिशेबात धरा. प्रभाग लहान असेल तर नकाशावर पिन लावून ठरवलेला जाहिरातीचा घेर शेजारच्या प्रभागात सांडतोच. तिथे जाहिरातीपेक्षा रिक्षावरचा भोंगा स्वस्त पडतो.

मतदानाचा दिवस

चिठ्ठीवर केंद्र, खोली आणि प्रभागाच्या यादीतला अनुक्रमांक ठळक हवा. ती कागदावरच द्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेली चिठ्ठी दारापर्यंतच उपयोगाची, कारण मोबाईल केंद्रात नेता येत नाही. प्रभाग बहुसदस्यीय असेल तर किती मतं द्यायची आहेत तेही चिठ्ठीवर लिहा, नाहीतर पहिलं बटण दाबून लोक निघायला बघतात.

केंद्रात बसलेला उमेदवाराचा प्रतिनिधी मत देऊन झालेल्यांच्या अनुक्रमांकांना कागदी यादीवर खूण करतो. ते आकडे बाहेर आणायला परवानगी आहे का, हे आधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात विचारा; असेल तरच ११, १ आणि साडेतीनला आणून शीटमध्ये भरा. राहिलेल्यांची यादी गल्लीप्रमाणे काढून त्या त्या कार्यकर्त्याला द्या. मतदान साडेपाचला संपतं, त्यामुळे शेवटची फेरी चारला सुटली नाही तर कामावरून येणाऱ्यांना गाठता येत नाही. साडेतीनचे आकडे भरायला एक माणूस फक्त तेवढ्यासाठी बसवा, जेवणाची सुट्टी न घेणारा.

निकालानंतर खर्चाचा हिशेब सादर झाला की कार्यकर्त्यांचे हक्क काढून घ्या आणि नंबरांचा रकाना पुसून टाका.