लाकडाचे कातीव काम करताना चेहरा, कान आणि श्वास: या चुका टाळा

सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळे आणि खेळणी पाहून आपल्याही पडवीत छोटा लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायचे यंत्र, बसवावा, असे कोकणात अनेकांना वाटते. लेथ, त्यावर लाकूड पकडणारा चक आणि पटाश्या चोखंदळपणे निवडल्या जातात. मास्क, फेस शील्ड आणि इअर प्लग मात्र दुकानदाराने पुढे केले तेच बिलात शेवटी जोडले जातात. पुढे ही साधने खिळ्याला लटकून राहतात, आणि त्याचे कारण बहुधा एवढेच असते की मे महिन्याच्या उकाड्यात ती दहा मिनिटेही सोसवत नाहीत. म्हणून ‘घामाघूम झालो तरी हे तासभर घालता येईल का’ हा प्रश्न किमतीच्याही आधी विचारावा.

फेस शील्ड असले की सगळे झाले, हा समज सर्रास आढळतो. शील्ड उडणारे तुकडे अडवते. बारीक धूळ मात्र हनुवटीखालून निवांत आत शिरते. कोरोनाच्या काळातले पातळ शील्ड तर तुकडाही अडवणार नाही. माझ्या लेथवरचा फणसाचा एक वाडगा बुडाजवळची चीर वेळीच न दिसल्याने फुटला आणि तळहाताएवढा तुकडा शील्डवर हनुवटीच्या पातळीला आदळला. तेथे नखाने ओढल्यासारखा पांढरा ओरखडा आजही आहे. शील्ड जाड पॉलिकार्बोनेटचे आणि ‘झेड ८७+’ (अमेरिकी मानक) किंवा ‘ईएन १६६’ (युरोपीय मानक) सोबत ‘बी’ अशी आघात सोसण्याची खूण असलेले घ्यावे. ‘बी’ खुणेची चाचणी ६ मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला १२० मीटर वेगाने मारून होते, परंतु वाडग्याचा तुकडा त्या गोळीच्या कित्येक पट जड असतो. त्यामुळे शील्ड घातल्यावरही लेथ कमी वेगावर आणि तुकडा उडू शकेल त्या रेषेच्या बाजूला उभे राहूनच सुरू करावा. आत साधा सुरक्षा चष्माही असावा. शील्ड थिनरने कधीही पुसू नये, कारण त्याने पॉलिकार्बोनेटला सूक्ष्म तडे जातात. साबणाचे पाणी पुरते.

खरी फसगत होते ती मास्कच्या बाबतीत. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. पटाशीखालून निघणाऱ्या लांब सालींपेक्षा पॉलिश पेपरने घासताना उठणारी, डोळ्यांना जेमतेम दिसणारी पूड जास्त घातक असते. नाकाला बांधलेला पंचा ती पूड गाळत नाही, आणि त्याचे मोकळे टोक फिरत्या लाकडात गुंतले तर मान ओढली जाते. सर्जिकल मास्कच्या कडा उघड्या राहतात. एन ९५ किंवा ‘आयएस ९४७३’ या भारतीय मानकाचा एफएफपी २ दर्जाचा मास्क घ्यावा. त्याचे पट्टे कानांमागे नव्हे, तर डोक्यामागे जाणारे असावेत, आणि पुढे झडप असली तर उत्तम. झडपेतून गरम, दमट श्वास बाहेर पडतो, आणि आपल्याकडच्या दमट हवेत तेवढा फरकही पुष्कळ असतो.

मास्क गळतो आहे का, हे फणसाचे लाकूड फार छान सांगते. काम संपल्यावर मास्क काढून आरशात पाहावे. नाकाच्या दोन्ही बाजूंना पिवळ्या पुडीच्या रेघा दिसल्या, तर हवा तेथूनच आत येत होती. चष्म्यावर वाफ धरणे हेही त्याच गळतीचे लक्षण आहे. अशा वेळी नाकावरची पट्टी एका हाताने चिमटू नये, दोन्ही हातांच्या बोटांनी दाबत बसवावी. दाढी असेल तर कोणताही घट्ट मास्क नीट बसत नाही. दाढी ठेवायचीच असेल, तर पंख्याने गाळलेली हवा देणारे, सैल टोपाचे साधन हाच पर्याय उरतो, पण तो खिशाला जड आहे. रोज काम करणाऱ्याला बदलत्या फिल्टरचा रबरी अर्धमास्क दीर्घकाळात स्वस्त पडतो.

एन ९५ धुणे ही काटकसर नव्हे. त्याच्या आतल्या थरावरचा विद्युतभार साबणाने किंवा स्पिरिटने नाहीसा होतो आणि मास्क दिसायला तसाच राहून गाळण्याच्या कामी निकामी होतो. पावसाळ्यात घामेजलेला मास्क प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला की बुरशी धरते. तो सावलीत वाऱ्यावर वाळवून कोरड्या डब्यात ठेवावा.

कानांच्या बाबतीत बरेच जण केवळ लेथचा आवाज मोजतात; व्हॅक्यूम क्लीनर आणि ओंडके कापणारी चेन सॉ विसरतात. हाताच्या अंतरावरील माणसाशी आवाज चढवून बोलावे लागले, तर कान झाकण्याची वेळ आली आहे. प्लगने आवाज २९ डेसिबलने कमी होतो, असे पाकिटावर लिहिलेले असले तरी त्यावर विसंबू नये. त्यातून ७ वजा करून निम्मे केले की ११ उरतात, आणि प्रत्यक्षात तेवढेच धरावेत. चष्म्याच्या दांड्यांमुळे इअर मफच्या गादीत फट राहते, शिवाय उन्हाळ्यात तिच्याखाली घाम साचतो. म्हणून मला फोमचे प्लग बरे वाटतात. ते बारीक वळून, कान वर-मागे ओढून आत घालावेत आणि फुगेपर्यंत धरून ठेवावेत. दोरीवाले प्लग मात्र लेथजवळ नकोत.

पडवीत काम करताना दुपारचे खारे वारे धूळ आपल्या तोंडावर न आणता बाजूने नेतील, अशा बेताने लेथ मांडावा. लेथ थांबला तरी बारीक धूळ हवेत बराच वेळ तरंगत राहते, म्हणून मास्क लगेच काढू नये.

खरेदीला जाताना आपला रोजचा चष्मा सोबत न्यावा. दुकानातच आधी मास्क, मग चष्मा, मग प्लग आणि शेवटी शील्ड चढवून लेथवर वाकतो तसे वाकून पाहावे. शील्डची कड मास्कला खाली ढकलत असेल, तर दोहोंपैकी एक तेथेच बदलून घ्यावे.