आधी डोंग्याला पाणी पिऊ द्या

आमच्या भंडारा-गोंदियाकडं मामा तलावांच्या (म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या जमीनदारांच्या काळातल्या) पाळीवर, म्हणजे बांधावर, उन्हाळाभर डोंगे (फळ्यांच्या लहान नावा) पालथे पडलेले असतात. उन्हानं फळ्या आकसतात, सांध्यांतली कापूस-डांबराची भर सुटते, पण वरून डोंगा ठणठणीत दिसतो. पहिल्या वर्षी मीही तसाच समजलो. तलाव भरला आणि डोंगा थेट पाण्यात ढकलला. ५०-६० हात गेलो नाही तोच पाय ओले झाले. उपसायचा डबा काठावरच राहिला होता. चुलतभावानं बांबू रोवत रोवत उथळात आणलं, म्हणून निभावलं.

त्या संध्याकाळी काकाजी एवढंच बोलले, “आधी त्याले पानी पिऊ दे, मंग उतरव.”

आता डोंगा पालथा असतानाच मी प्रत्येक सांधा खिळ्याच्या टोकानं खरवडतो. जिथं भुगा पडतो तिथली जुनी भर पूर्ण काढायची. तिच्यावरच डांबर ओतलं तर आठवड्यात पापुद्रा सुटतो. कापसाची पिळलेली वात छिन्नीनं हलक्या हातानं ठोकायची, जोर लावला तर फळीच फाकते. लाकूड कोरडं असेल तरच गरम डांबर धरतं. डांबर घट्ट झालं की डोंगा गुडघाभर पाण्यात दगड भरून दोन रात्री बुडवून ठेवायचा. लाकूड फुगतं, सांधे आवळतात. मग उपसून काठाजवळच तासभर आत बसायचं. पाझर कमी होत गेला तर ठीक. एका जागेहून धार लागली तर डोंगा परत पाळीवर.

फायबरच्या नावेला हे काही लागत नाही. तिच्या पाणी काढायच्या भोकाचं बूच मात्र हात लावून तपासा.

आत आलेल्या पाण्याला हलकं समजू नका. १० लिटर म्हणजे १० किलो, आणि हे वजन एका जागी राहत नाही. डोंगा कलला की ते त्याच बाजूला धावतं आणि आणखी कलवतं. म्हणून जाळं, माणसं सगळं चढल्यावरही काठ पाण्यावर वीतभर उरायलाच हवा. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घाला, पण आधी कमरेएवढ्या पाण्यात पाय उचलून पाहा, हनुवटी वर राहते का. गोसीखुर्दच्या बाजूला जाणार असाल तर धरणाची दारं उघडणार आहेत का, हे विचारल्याशिवाय निघू नका.

आणि डबा डोंग्यालाच बांधा. सुतळी दोन हात तरी लांब ठेवा, आखूड असली तर पाणी बाहेर फेकताच येत नाही.