पेशव्यांची राजधानी पायी कशी पाहावी

गाडी घरीच ठेवा. मेट्रोने कसबा पेठेत उतरा, तेही सकाळी आठच्या आत. नंतर पेठांत चालणं म्हणजे दुचाक्यांशी कुस्ती. शनिवारवाडा (१७३२) मी बाहेरूनच पाहायला सांगते. १८२८च्या आगीनंतर आत जोतीच जास्त; बघायचा तो दिल्ली दरवाजा, हत्तींनी धडक मारू नये म्हणून ठोकलेल्या खिळ्यांसकट.

मग थेट सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती. तीन सोंडांचा, मोरावर बसलेला. पण हात जोडून लगेच निघू नका. दाराशेजारच्या काळ्या दगडात एक इंग्रज शिपाई गेंड्याला साखळीनं बांधतोय, नीट निरखा! अठराव्या शतकातलं काम आहे हे, आणि निम्म्या पुणेकरांना पत्ता नाही.

येताना कसब्यातल्या तांबट आळीत ठोक्यांच्या आवाजामागे जा. तांब्याचं भांडं घ्यायचं तर इथेच. पोटाला मिसळ, तर्री वेगळी मागून.

तुळशीबाग शेवटी, नाहीतर पिशव्या वाहाल. भाव ऐकून "काहीही काय!" म्हणायचं आणि दोन पावलं पुढे जायचं, हाक येतेच. गर्दीचा कंटाळा आला तर आतलं राममंदिर गाठा. परतीची मेट्रो मंडईहून.