ऑफिसातलं हीटिंग: थंडीआधी या चुका टाळा

हीटिंगच्या तक्रारी दरवर्षी एकाच दिवशी येतात, पहिली कडाक्याची थंडी पडते त्या सकाळी. सगळीकडून एकदम. त्या आठवड्यात मेकॅनिक मिळत नाही, मिळाला तर पार्ट मिळत नाही. म्हणून थंडीला महिनाभर असतानाच हीटिंग तासभर चालवून बघा. सुरुवातीला धूळ जळाल्याचा वास येतो आणि जातो. गेला नाही, किंवा प्लास्टिक जळाल्यासारखा आला, तर बंद करा आणि जाणकाराला बोलवा.

माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे थर्मोस्टॅटजवळ, म्हणजे खोलीचं तापमान बघून हीटिंग चालू-बंद करणाऱ्या भिंतीवरच्या डबीजवळ, काहीही आणून ठेवणं. एका ऑफिसात खिडकीकडची मंडळी कुडकुडत होती. बॉयलर (हीटिंगचं पाणी तापवणारं यंत्र) कमी पडतोय असं ठरवून मोठ्याचं कोटेशनही मागवलं होतं. जाऊन बघतो तर थर्मोस्टॅटच्या बरोबर खाली, टेबलाआड, पंख्याचा छोटा हीटर! गरम हवा सरळ वर. थर्मोस्टॅटच्या हिशेबाने खोली तापलेली, म्हणून तो बॉयलर बंद करायचा. बॉयलर बंद, म्हणून बाकीचे गारठायचे आणि घरून आपापले हीटर आणायचे. ते लावलेले एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर. २००० वॉटचा एक हीटर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, दोन लावले तर काय होईल ते सांगायला नको. त्या बोर्डाचा प्लग एका बाजूने तपकिरी पडला होता. थर्मोस्टॅटखालचा हीटर उचलला आणि थोड्याच वेळात बॉयलर सुरू झाला. कोटेशन रद्द. प्रिंटर, कॉफी मशीन, खिडकीतलं ऊन, सगळ्यांचा परिणाम हाच.

आणि थर्मोस्टॅट ३० वर नेल्याने खोली लवकर तापत नाही. साधा थर्मोस्टॅट फक्त कधी थांबायचं ते सांगतो.

दुसरी चूक रेडिएटरची, म्हणजे बॉयलरचं गरम पाणी ज्यातून फिरतं त्या खोलीतल्या पॅनेलची. गार लागला की व्हॉल्व्हची चावी घेऊन आत अडकलेली हवा काढायला धावायचं, हा उतावळेपणा. आधी हात लावून बघा. वर गार आणि खाली गरम असेल तर हवा अडकली आहे. वर गरम आणि तळाशी मधोमध गार असेल तर गाळ बसलाय, तिथे चावीचा काही उपयोग नाही, सिस्टिम फ्लश करावी, म्हणजे आतून धुऊन काढावी लागते. हवा काढताना मी पंप बंद करतो, पाणी निवू देतो, खाली फडकं धरतो आणि चावी अगदी थोडी फिरवतो. फुसफुस थांबून पाणी आलं की बंद. इथे बहुतेक जण हात झटकून निघून जातात. हवा गेली की प्रेशर उतरतं, आणि प्रेशर फार उतरलं की बरेच बॉयलर चालायचेच बंद होतात. मग ‘हवा काढली आणि बिघडलं’ अशी बोंब. सीलबंद सिस्टिममध्ये पाणी गार असताना प्रेशरचा गेज साधारण १ ते १.५ बार दाखवायला हवा, कमी असेल तर पाणी भरा. मात्र दर आठवड्याला भरावं लागत असेल तर गळती शोधा. नव्या पाण्याबरोबर ऑक्सिजन आत जातो, आतून गंज धरतो, आणि तो गंजच पुढे गाळ होऊन बसतो.

रेडिएटरपुढची कपाटं हलवा. फिल्टर साफ करा. टायमरचं घड्याळ बरोबर आहे का बघा.

बॉयलरच्या खोलीतली जाळी ‘गार हवा येते’ म्हणून पुठ्ठ्याने बुजवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पुठ्ठा काढून टाकतो. ज्वलनाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो, आणि त्याला वास नसतो. या वायूच्या अलार्मचं टेस्ट बटण दाबाच, शिवाय मागे छापलेली मुदतही वाचा.

सुट्टीवर जाताना बिल वाचवायला हीटिंग पूर्ण बंद करू नका. बाहेर गोठण्याइतकी थंडी असेल तर पाईप फुटतो. ७-८ अंशांवर चालू ठेवा. कंडेन्सिंग बॉयलरचा (धुरातली वाफ थंड करून तिचीही उष्णता वापरणाऱ्या बॉयलरचा) निचऱ्याचा बारीक पाईप भिंतीबाहेरून जात असेल तर तो आधी गोठतो आणि बॉयलर लॉक होतो, म्हणजे स्वतःहून बंद पडतो. रीसेट दाबत बसू नका. पाईपवर कोमट पाणी ओता, उकळतं मुळीच नको. निचरा वाहू लागला की एकदाच रीसेट, आणि त्याच दिवशी पाईपला इन्सुलेशन गुंडाळा.