नाथसागरावर मीनखाई घार ओळखताना या चुका टाळा

हिवाळा लागला की जायकवाडी धरणाच्या, म्हणजे नाथसागराच्या, फुगवट्यावरचे फोटो पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर फिरू लागतात आणि खाली हमखास लिहिलेलं असतं, 'समुद्री गरुड दिसला!' पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड हा कोकण किनाऱ्याचा रहिवासी. मराठवाड्यात पाण्यावर मासा धरणारा, पोटाकडून पांढरा मोठा शिकारी दिसला, तर आधी मीनखाई घार, म्हणजे ऑस्प्रे, आहे का ते तपासा. खाड्या-किनाऱ्यांवर असते तशीच ती हिवाळ्यात आपल्या धरणांवरही उतरते.

सगळ्यात जास्त फसगत होते ती पांढऱ्या डोक्यामुळे. ब्राह्मणी घारीचंही डोकं पांढरंच. पण तिचे पंख आणि पाठ विटकरी असते, पांढरा रंग छातीशीच संपतो. मीनखाईची पाठ गडद तपकिरी, पोट पांढरं आणि डोळ्यावरून मानेकडे गेलेला जाड काळपट पट्टा. दुर्बिणीत तो पट्टा दिसला की प्रश्न मिटला. ब्राह्मणी घारीचं तपकिरी पिल्लू मात्र साध्या घारीसारखं दिसतं. तिथे शेपूट बघा. साध्या घारीची खाचेची, ब्राह्मणीची गोलसर.

पक्षी लांब असेल तर रंगाच्या नादी लागूच नका. मीनखाईचे पंख लांब, अरुंद आणि मनगटाशी वाकलेले असतात. पाणकणसावरून पंख वर उचलून, अगदी खालून तरंगत जाणारा पक्षी बहुधा मार्श हॅरियर असतो.

खरी खूण शिकारीत आहे आणि ती बघायला वेळ द्यायलाच हवा. मीनखाई हवेत एका जागी पंख मारत थांबते, मग पाय पुढे करून पाण्यात झेपावते, कधी पूर्ण बुडते. वर आल्यावर उडता उडताच अंग झटकते. तिचं बाहेरचं बोट मागे वळतं, तळव्यांवर बारीक काटे असतात, म्हणून बुळबुळीत मासाही निसटत नाही. मासा आडवा नेत नाही. माशाचं तोंड पुढे करून, अंगासरशी धरते. साध्या आणि ब्राह्मणी घारी पाण्यावरून मासा नुसता उचलतात, अशी बुडी मारत नाहीत.

पाण्यातल्या वाळक्या खोडावर ती मासा खात बसलेली असेल, तर फोटोसाठी होडी जवळ नेऊ नका. ती उठते, कधी मासाही टाकून देते. काठावरूनच बघा, आणि नोंद करताना तारीख, ठिकाण आणि पंखांचा खालून काढलेला फोटो जोडा.